मामा दारात आला म्हणजे

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू सगळ्यालाच हो हो म्हणतेस आणि मग शेजारणीला विचारतेस की तो काय म्हणत होता. कानाचं यंत्र डबीत ठेवून कान सुधारत नाहीत, एवढंच लिहितो आणि पुढे जातो.

बातमी अशी की आमच्या कोचला क्लबने निरोप दिला. सारखे हरत होतो, लोक फाटकाशी येऊन ओरडायला लागले होते. परवा सकाळी मी मैदानाला पाणी देत होतो, तर सेक्रेटरी बूट भिजवत थेट मधोमध आले. म्हणाले, नवा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच बघा. मी विचारलं, काय बघू. म्हणाले, संघ. मी नळी हातात धरून तसाच उभा. त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली तरी ते रागावले नाहीत, तेव्हा मला कळलं की अडचण फारच मोठी आहे.

तर सध्या मी हंगामी कोच आहे. चार सामने उरलेत. त्यात काही जमलं तर ठीक, नाहीतर क्लब खालच्या गटात जाईल. सौ. म्हणाली, जन्मभर त्यांच्या जर्सी धुतल्यात, आता त्यांच्या शिव्याही खा.

तू लोकांना सांगतेस, माझा भाऊ क्लबात आहे. पण काय आहे ते तुला सांगता येत नाही. मलाही येत नाही. आधी खेळलो, मग पोरांना शिकवलं, मग गवत, जर्सी, गोलाच्या जाळ्या, जे पडेल ते. त्यात एक काम असं आहे की ते मी घरीही फारसं बोलत नाही. आमच्या जुन्या थोरल्या कोचने एक पद्धत घालून दिली होती. ज्याला उद्या खेळवायचं नाही त्याला आदल्या संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं. चारचौघांत माणसाला खाली बसवू नये, असं ते म्हणायचे. पुढचे कोच आले, त्यांनी पद्धत ठेवली, पण जिने चढायला मला पाठवलं. म्हणून खेळाडू मला टपाल म्हणतात. एका गोलरक्षकाची आई तर मी कोपऱ्यावर दिसलो की खिडकी लावून घेते, जशी काही खिडकी लावली की बातमी परत जाते.

आता नावंही मीच ठरवायची आणि सांगायलाही मीच जायचं. भाचेबुवा कप्तान आहेत म्हणून धीर आहे. त्याने ऐकलं तेव्हा हसत विचारलं, मामा, आता तुला सर म्हणू का. मी म्हणालो, म्हण, पण घरी जेवताना म्हणू नकोस.

थकलो आहे. तुझा हात पाठीवर आहे असं समजून चालतो.

तुझा,
धाकटा

\*

८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वाचून हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. लहानपणी तुला कोणी राजा केलं नाही, नेहमी घोडा केलं. आता राजा केलंय, तेही सिंहासन पेटल्यावर. असो. जेवणाच्या वेळा सांभाळ. यंत्र मी लावते, पण त्यातून शेजाऱ्यांची भांडीच जास्त ऐकू येतात.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे गेले तेव्हा लेकराला तू आपण होऊन तुझ्या घरी नेलंस, वाढवलंस, मैदानावर नेलंस. मी मागितलं नव्हतं, तू दिलंस. आज मागते. त्याला खेळवू नकोस.

सूनबाई मागच्या महिन्यात येऊन गेली तेव्हा रडली. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरून दाखवलाय. आत उशी उरलेलीच नाही म्हणे, हाडावर हाड घासतंय. आणखी एकदा जोरात मुरगळला तर जिना चढता येणार नाही. आणि हा म्हणतो, एवढा हंगाम होऊ दे. गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता. चौतिसाव्या वर्षी बायकोच्या खांद्यावर हात टाकून चालणार का? त्याची चिमी अजून शाळेतही जात नाही.

तो माझं ऐकत नाही, तिचं ऐकत नाही, डॉक्टरांचं तर नाहीच. कोचचं ऐकावंच लागतं. देवाने तुला त्या जागी आत्ताच का बसवलं असेल, याचा विचार कर.

आणि मी लिहिलंय हे त्याला कळू देऊ नकोस. आईने मला बाहेर बसवलं, असं त्याला कधी वाटता कामा नये.

माया आहेच, ती कामाला लाव.

तुझी,
ताई

\*

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. रोज सकाळी देवापुढे उभा राहतो तेव्हा तुझं वाक्य आठवतं आणि नमस्कार अर्धाच होतो.

शनिवारी पहिला सामना झाला. त्याला खेळवला. तू कपाळाला हात लावशील, पण माझी बाजूही ऐक. मैदानात बाकीचे दहा जण दहा दिशांना तोंडं करून उभे असतात. तो नुसता हात वर करतो आणि सगळे एका बाजूला वळतात. आम्ही एका गोलने जिंकलो. गोल त्याचा नाही, पण चेंडू त्याने दिलेला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. उतरवताना जरा आपटलं.

सगळे गेल्यावर मी जर्सी गोळा करायला खोलीत गेलो. तो एकटा बर्फाच्या बादलीत पाय घालून बसला होता. गुडघा नारळाएवढा झाला होता. मला बघून टॉवेल टाकला त्याच्यावर, लहानपणी फुटलेली बशी लपवायचा तसा. म्हणाला, मामा, आईला लिहू नकोस. म्हणजे तू म्हणतेस त्याला सांगू नकोस, तो म्हणतो तुला लिहू नकोस. तुम्ही मायलेक मिळून माझ्या तोंडाला कुलूप लावणार.

तरी लिहितो, कारण तुझ्यापासून लपवणं जमत नाही. पण त्याला बाहेर काढणंही जमत नाही, ताई. इतक्या वर्षांत इतक्या दारांवर गेलो, पण तेव्हा निरोप दुसऱ्याचा असायचा. मला फक्त पोचवायचा असायचा. हा माझा असेल.

रागावू नकोस, आणि रागावलीस तर दोन ओळीत रागाव.

तुझा,
धाकटा

\*

२० मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

दोन ओळीतच लिहिते. काल मी भाजी घेऊन जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहिले. माझं वय झालंय, मला चालतं. नारळाएवढा गुडघा बघूनही तुला दार सापडत नसेल, तर मी येऊन दाखवते.

ताई

\*

२९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

तू माझं ऐकलंस. कशा शब्दांत लिहू कळत नाही.

काल शनिवारी सकाळी दार उघडलं तर तिघंही उभे. चिमीच्या हातात पिशवी, सूनबाईच्या चेहऱ्यावर सुटका, आणि आमचे चिरंजीव जमिनीकडे बघत. सामन्याच्या दिवशी हा इथे कसा, म्हणून मी घाबरले. जेवणं झाल्यावर त्याने हळूहळू सांगितलं. म्हणाला, काल संध्याकाळी मामा आला होता. खालच्या वळणावर दिसला तेव्हाच मी समजलो. चहा घेतला, स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला, कपाटाच्या दाराची बिजागरी घट्ट केली, चिमीला गोष्ट सांगितली, पण तोंडातून शब्द निघेना. निघताना चप्पल घालायला इतका वेळ लावला की मलाच दया आली. इतकं जड जात असेल तर त्याच्याकडून कशाला वदवून घ्यायचं, मला कळलं ते कळलं. आज मैदानावर जाऊन सगळ्यांच्या नजरा झेलण्यापेक्षा तुझ्याकडे आलो.

मग तो झोपला. संध्याकाळपर्यंत झोपला. लहानपणी ताप उतरल्यावर झोपायचा तसा.

सामना हरलात असं शेजारच्या टीव्हीवरून कळलं. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, फारसं नाही वाटलं. सोमवारी ते परत जातील. तू त्याला काही समजवायला जाऊ नकोस. त्याने समजून घेतलंय.

तुझ्या ताईचं उरलेलं आयुष्य तुला लागो.

ताई

\*

१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे आशीर्वाद परत करतो. ते माझे नाहीत.

शुक्रवारी मी गेलो ते सांगायलाच गेलो होतो. तुझ्या दोन ओळी खिशात होत्या. दार त्यानेच उघडलं आणि म्हणाला, ये मामा. नेहमी म्हणतो तसंच, फक्त आवाज खाली. पुढचं सगळं त्याने तुला सांगितलं तसंच झालं. नळ गळत होता हे माझं नशीब. पाना हातात असला की माणसाला न बोलता बसता येतं. शेवटी उठलो. जिना उतरताना ठरवलं की आपल्याच्याने हे होणार नाही, खेळू दे त्याला, गुडघा देव बघून घेईल. मन इतकं हलकं झालं की वाटेत चिमीसाठी पेन्सिली घेतल्या.

शनिवारी सकाळी मी खोली उघडून सगळ्यांच्या जर्सी खुंट्यांवर लावल्या. त्याचीही लावली, दाराजवळच्या पहिल्या खुंटीवर, कप्तानाचा पट्टा बाहीवर अडकवून. एकेक जण आला. तो येईना. फोन बंद. मी म्हणालो, चिमीला बरं नसेल. एक म्हातारा बचावपटू आहे आमच्याकडे, तो बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणाला, टपाल, तू काल त्याच्या घरी गेला होतास ना.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या दारात मी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी उभा राहतो, त्या घराला मी तोंड उघडायची गरज उरलेली नाही. मी मामा म्हणून परत निघालो होतो आणि त्याला टपाल मिळालं होतं. इतक्या वर्षांत मी हे स्वतःच घडवलं आणि मलाच ते आठवलं नाही.

सामना आम्ही हरलो. रिकाम्या खुंटीपेक्षा ती भरलेली खुंटी वाईट. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं आणि सगळे तिकडेच बघत होते.

आता तू सांग. त्याला वाटतंय मी त्याला काढलं आणि तेही तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. दोन्ही खोटं आहे. म्हणजे पहिलं खोटं आहे, दुसरं अर्धं खरं. हे असंच ठेवून मी देवापुढे कसा उभा राहू?

धाकटा

\*

५ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

देवापुढे उभा राहू नकोस, बस. पण त्याला सांगू नकोस.

तू खरं सांगितलंस तर तो त्याच पावली बूट शोधेल. मला माझा मुलगा माहीत आहे. जे आपल्याच्याने होत नव्हतं ते आपोआप झालं. त्याला मी देवाची कृपा म्हणते, तू गैरसमज म्हणतोस. नाव काहीही असो, गुडघा वाचतोय. खेळाडूंपैकी कोणी फोन करून सांगितलं तर सांगू दे, तू आपण होऊन जाऊ नकोस. तुझ्यावर रागावला तर रागावला, तू मामा आहेस, राग ओसरेल.

एवढं माझ्यासाठी कर. आईची माया आंधळी असते असं म्हण आणि सोडून दे.

ताई

\*

१२ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप आहोत. चिमीला तुझी आठवण येते. तुझ्या यंत्राचे नवे सेल पाठवले आहेत.

शुक्रवारी मामा परत आला. मी दार उघडायला उठलो नाही, हिने उघडलं. या वेळी तो बोलला. बसायच्या आधीच बोलला. म्हणाला, त्या दिवशी मी तुला काढलं नव्हतं, सांगायला आलो होतो पण सांगितलं नाही, तू खेळावंस असं ठरवून गेलो, तुझी जर्सी खुंटीवर होती. आई, मला काय वाटलं तुला सांगता येणार नाही. मी खरंच उठलो. बूट कुठे ठेवलेत म्हणून हिला विचारलं.

तर तो म्हणाला, बस. ते झालं ते सांगितलं. आता आजचं ऐक. उद्या तू खेळणार नाहीस, शेवटच्या सामन्यातही नाहीस. मी कोच असेपर्यंत नाहीस.

मी विचारलं, डॉक्टर म्हणाले का. नाही म्हणाला. सेक्रेटरी? नाही. कोच मी आहे, ठरवलं मी, एवढंच सारखं. शेवटी मी विचारलं, आईने तुला काही लिहिलं का. तर म्हणाला, चहा थंड होतोय.

मग मी बोललो. नको ते बोललो. म्हणालो, आयुष्यभर लोकांना घरी जाऊन बसवलंस, आता तुला त्याची चटक लागली आहे, घरचा एकच उरला होता तोही उरकलास. त्याने सगळं ऐकून घेतलं. चिमी त्याच्या मांडीवर झोपली होती, तिला उचलून हिच्याकडे दिलं आणि गेला. चप्पल पटकन घातली.

बाहेरचा कोच असता तर मी हात मिळवून हसलो असतो. पण हा मामा. सोळा वर्षं खेळलो, शेवटचा सामना मला सांगून झाला नाही. कोणता शेवटचा होता ते होऊन गेल्यावर कळलं. तू लहानपणी म्हणायचीस, मामा आहे तोवर तुला कोणी ऊठ म्हणणार नाही. ते आठवून रात्रभर तळमळलो.

मी आता त्याच्याशी बोलणार नाही. तू मध्ये पडू नकोस. तू आहेस म्हणून बरं आहे, निदान एक घर असं आहे जिथे माझ्यामागे काही ठरत नाही.

आशीर्वाद असू दे.

तुझा मुलगा

\*

१६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

त्याचं पत्र आलं. सोबत पाठवत नाही, तुला वाचवणार नाही. शेवटाकडची एक ओळ मला वाचवत नाही.

मी सांगत होते ते न ऐकता तू गेलास आणि खरं सांगितलंस. आणि मी मागितलं होतं तेही दिलंस. दोन्ही कशी जमवलीस? आणि माझं नाव मात्र चहाच्या कपाखाली झाकलंस.

तुझ्या वाटचा राग तू घेतलास, पण माझ्या वाटचाही घेतलास, हे मला सहन होत नाही. मी त्याला पत्र लिहून ठेवलंय. मीच सांगितलं होतं, मामाला बोल लावू नकोस, असं. पाकीट बंद करून ठेवलंय. तुला विचारल्याशिवाय टाकत नाही. लवकर कळव. या वेळी मी म्हणते तसं कर असं म्हणायचा धीर होत नाही.

तुझी,
ताई

\*

३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. तेवढ्यात तुझा धीर सुटेल आणि तू पाकीट टाकशील अशी भीती होती. टाकलं नसशील तर फाडून टाक.

तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. रागावून उठल्यावर माणसाला जाऊन झोपायला एक घर लागतं. ते तुझं आहे. तिथे दारात उभं राहताना त्याने विचार करायचा नाही. माझ्या घरी आला नाही तर आमच्याकडे एक ताट कमी लागेल, एवढंच. सौ. त्याचं ताट मांडायची थांबलेली नाही, पण ते तिचं ती बघेल.

आणि दुसरं असं की हे सगळं तुझ्या सांगण्यावरून झालं असंही नाही. बादलीतला तो पाय मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. तू लिहिलं नसतंस तर मला उशिरा कळलं असतं, पण कळलं असतं. त्याला खोट्यात ठेवून वाचवायचं मला जमलं नसतं. खरं सांगून, मग स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायचं, एवढंच मला येत होतं, तेवढं केलं. तो बोलला ते बोलायलाच हवं होतं. मी त्याच्या वयाचा असतो तर कपही फोडला असता.

क्लबचं सांगायचं तर तिसरा सामना बरोबरीत सुटला, शेवटचा हरलो. तरी वाचलो, कारण त्याच दिवशी आमच्याहून वाईट कोणीतरी दुसरीकडे हरलं. लोकांनी या वेळी खांद्यावर घेतलं नाही. मला ते बरं वाटलं, कंबर अजून दुखते.

नवा कोच आला आहे. तरुण आहे, नम्र आहे, सगळं फोनमध्ये टिपून घेतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, तुमची ती घरी जाऊन सांगायची पद्धत मला फार आवडली, ती चालू ठेवू, तुम्ही जात जा. मी म्हणालो, गवत मी बघतो, जर्सी मी बघतो, पण ज्याने ठरवलं त्याने जिना चढावा. हेही त्याने टिपून घेतलं. चढतो की नाही ते बघू.

आता संध्याकाळी मी मोकळा असतो. काल असाच पेठेच्या रस्त्याने चाललो होतो. समोरून भाचेबुवा येत होते. चिमी खांद्यावर, तिचे दोन्ही पाय त्याच्या हातात. मी आधी चेहऱ्याकडे नाही, गुडघ्याकडे पाहिलं. लंगडत नव्हता. दोन्ही पाय सारखे पडत होते. मग त्याने मला पाहिलं. मान फिरवली, आणि माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मधून एक गाडी येत होती, पण तो थांबला नाही. ताई, तो पळत गेला.

तब्येतीला जप. तुझी सावली अशीच असू दे.

तुझा,
धाकटा